‘अमेरिकन ड्रीम’ : अटी लागू

सप्टेंबर २०२५ मधला तो शनिवार पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांच्या लक्षात असेल. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर १ लाख डॉलर शुल्क लागणार, अशी बातमी रात्रीतून आली. सुट्टीवर घरी आलेली मुलं बॅगा न उघडताच परतीची तिकिटं शोधू लागली. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा मागाहून झाला, पण तोवर घरोघरी एकच प्रश्न चघळून झाला होता : ‘अमेरिकन ड्रीम’ संपलं का?

मला या प्रश्नाची थोडी गंमत वाटली. कारण हे स्वप्न बिनसल्याची खबर अमेरिकेतलेच लेखक गेली शंभर वर्षं देत आलेत. तिथे शाळा-कॉलेजांत वर्षानुवर्षं नेमलेली पुस्तकं काढून बघा. त्यातल्या काहींचा शेवट तर कुणाच्या तरी अंत्यविधीने होतो. जो देश स्वप्न विकतो, त्याची सगळ्यात लाडकी पुस्तकं ते स्वप्न मोडल्याची का?

मुळात स्वप्न कसलं?

गाडी, बंगला आणि ग्रीन कार्ड हा आपण लावलेला अर्थ. हा शब्दप्रयोग घराघरांत पोचवला जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने, १९३१ साली. त्याला पुस्तकाच्या नावातच हे शब्द हवे होते. प्रकाशक काही तयार झाला नाही आणि पुस्तक ‘द एपिक ऑफ अमेरिका’ या नावाने आलं. वर्ष लक्षात घ्या. महामंदी होती, बँका बुडत होत्या, लोक फुकटच्या सूपसाठी रांगा लावत होते. अशा वेळी ॲडम्स सांगत होता की हे नुसतं मोटारींचं आणि मोठ्या पगारांचं स्वप्न नाही. माणूस कुठल्या घरात जन्मला हे न बघता त्याच्या कुवतीप्रमाणे त्याला संधी मिळावी, असं हे स्वप्न आहे.

म्हणजे बाप कोण होता, यावरून पोराची पायरी ठरणार नाही. ‘आडनाव काय?’ हे विचारल्याशिवाय जिथे भाड्याने खोली मिळत नाही, तिथल्या माणसांना हे वचन किती मोठं वाटत असेल, ते वेगळं सांगायला नको.

मूळ आणखी मागे जातं. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात माणसाचे तीन हक्क सांगितलेत : जगणं, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध. सुखाचा नव्हे, सुखाच्या शोधाचा हक्क. पुढे १८६२ चा होमस्टेड कायदा आला. सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहा, ती कसा, १६० एकर तुमच्या नावावर. स्वप्नाला जणू सातबारा मिळाला. ती जमीन सरकारकडे कुठून आली आणि तिथल्या मूळ रहिवाशांचं काय झालं, याची नोंद मात्र त्या सातबाऱ्यावर नव्हती.

एक तांत्रिक शब्द इथेच उरकून घेऊ. मुलं आईबापांपेक्षा वरच्या पायरीवर पोचतात का, याला अर्थशास्त्रात ‘सोशल मोबिलिटी’ म्हणतात. आपण सरळ ‘वर जाणं’ म्हणू.

बूटपॉलिशवाला पोरगा

वर जाण्याची सगळ्यात खपाऊ गोष्ट होरेशिओ ॲल्जरने लिहिली. १८६८ च्या ‘रॅग्ड डिक’मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बूटपॉलिश करणारा डिक आहे. पोरगा प्रामाणिक आहे, बँकेत खातं काढतो, लिहा-वाचायला शिकतो. ॲल्जरने पुढे याच साच्यातून पुस्तकांमागून पुस्तकं काढली आणि ‘होरेशिओ ॲल्जरची गोष्ट’ हा अमेरिकेत वाक्प्रचारच होऊन बसला.

पण डिकला बढती मिळते कशी, ते जरा नीट वाचा. फेरीबोटीवरून एक लहान मुलगा पाण्यात पडतो. डिक उडी मारून त्याला वाचवतो. मुलाचा बाप निघतो व्यापारी, आणि तो डिकला आठवड्याला १० डॉलरवर कारकून म्हणून ठेवून घेतो. बचत, अभ्यास, सचोटी सगळं खरं, पण दार उघडलं ते पाण्यात पडलेल्या पोराचा बाप श्रीमंत होता म्हणून. तेच पोर एखाद्या हमालाचं असतं, तर डिकच्या वाट्याला आशीर्वाद आणि ओले कपडे आले असते.

म्हणजे स्वप्नाची भलामण करणाऱ्या गोष्टीतच पहिली अट बारीक अक्षरात छापलेली होती : नशीब हवं, आणि वरच्या पायरीवर ओळख हवी.

गॅट्सबीचं वेळापत्रक

स्कॉट फिट्झजेरल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली. सिनेमामुळे लोकांच्या डोक्यात त्यातल्या पार्ट्या, शॅम्पेन आणि चकचकीत गाड्या बसल्यात. माझ्या मते त्या कादंबरीचं मर्म शेवटाकडच्या एका फाटक्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आहे.

कादंबरीचा नायक गॅट्सबी, त्याचा खून झालाय. त्याचा म्हातारा बाप अंत्यविधीला येतो आणि खिशातून पोराचं लहानपणचं गोष्टीचं पुस्तक काढतो. त्यात मागे पोराने दिनक्रम लिहिलाय, तारीख १२ सप्टेंबर १९०६. सकाळी ६ ला उठणे. डंबेल्सचा व्यायाम. विजेचा अभ्यास. काम. मग वक्तृत्व आणि ऐटीत वावरण्याचा सराव. रात्री ७ ते ९ उपयुक्त शोधांचा अभ्यास. खाली संकल्प : दर आठवड्याला एक चांगलं पुस्तक किंवा मासिक वाचणे, आईवडिलांशी नीट वागणे, आणि आठवड्याला ५ डॉलर शिल्लक टाकणे. त्यातला ५ खोडून ३ केलाय. त्या खाडाखोडीत सगळं घर दिसतं.

दहावीच्या वर्षी आपल्याकडे कपाटाच्या दारावर चिकटवलेलं वेळापत्रक आठवा, तेच हे. अमेरिकन वाचकाला मात्र त्यात बेंजामिन फ्रँकलिन दिसतो, छापखान्यातल्या कामापासून वर आलेला, देशाच्या संस्थापकांतला एक. त्यानेही आत्मचरित्रात दिवसाचं वेळापत्रक आणि तेरा सद्गुणांची यादी दिली होती. कष्टाळू पोराने फ्रँकलिनचा कित्ता गिरवला, तर फ्रँकलिन व्हायला हवं होतं.

झालं काय? नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा हा जेम्स गॅट्झ नाव बदलून जे गॅट्सबी होतो आणि श्रीमंतही होतो, पण त्यात ना विजेच्या अभ्यासाचा वाटा असतो ना वक्तृत्वाचा. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. गॅट्सबी आणि त्याचा साथीदार गल्लीबोळांतली औषधांची दुकानं विकत घेतात आणि काउंटरवरून दारू विकतात. सरळ रस्त्याने जे मिळालं नाही, ते आडमार्गाने मिळालं.

बरं, पैसा आला म्हणून आत घेतलं का? लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर दोन वस्त्या आहेत, मध्ये खाडी. वेस्ट एगमध्ये नवे श्रीमंत, ईस्ट एगमध्ये खानदानी. दोघांकडे हवेल्या आहेत, पण खाडी ओलांडता येत नाही. लोकलचं उदाहरण घ्या. डोंबिवलीला धक्के खाऊन आत शिरलेला माणूस ठाणं आलं की दारात उभा राहून ‘आत जागा नाही’ म्हणून ओरडतो. ईस्ट एगमधला टॉम ब्यूकॅनन हा तसा माणूस, फक्त तो स्वतः चढलेलाही नाही. त्याचे वाडवडील चढले होते, हा बसल्या जागी जन्मला. जेवणाच्या टेबलावर तो एका पुस्तकाचा दाखला देत बडबडतो की गोऱ्यांनी सावध राहायला हवं, नाहीतर बाकीचे वंश डोक्यावर बसतील. हे हवेतून आलेलं नव्हतं. कादंबरी येण्याच्या आदल्याच वर्षी, १९२४ मध्ये, अमेरिकेने देशवार कोटे ठरवून स्थलांतरितांवर कडक बंधनं घातली होती आणि आशियातल्या लोकांना जवळजवळ पूर्ण दार बंद केलं होतं.

खाडीपलीकडे टॉमच्या बायकोच्या, डेझीच्या, धक्क्यावर एक हिरवा दिवा असतो. गॅट्सबी रात्री त्याच्याकडे बघत उभा राहतो. डेझी त्याची जुनी प्रेयसी. तिच्या आवाजात पैसा भरलाय, असं गॅट्सबी स्वतःच एकदा म्हणून जातो. त्याला डेझी हवी आहेच, पण त्याहून त्याला ‘आत ये’ हा शब्द हवाय. तो मिळत नाही. पार्ट्यांना शेकड्यांनी येणाऱ्यांपैकी अंत्यविधीला बोटांवर मोजण्याइतके येतात. बाप मात्र त्या दिवसांतही म्हणतो की पोरगा जगला असता तर मोठा माणूस झाला असता, देश उभारायला त्याने हातभार लावला असता. म्हाताऱ्याचा स्वप्नावरचा विश्वास ढळलेला नाही. मला ते वाक्य खुनापेक्षा जास्त लागतं.

जागा आठशे, पत्रकं पाच हजार

गॅट्सबी निदान वर पोचला. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) मधल्या जोड कुटुंबाला पायरीच सापडत नाही. ओक्लाहोमात दुष्काळ, धुळीची वादळं, कर्ज. बँक जमीन काढून घेते आणि ट्रॅक्टर घरावर घालते. ट्रॅक्टर चालवणारा ओळखीतलाच पोरगा, रोजाचे ३ डॉलर मिळतात म्हणून आलेला. घर वाचवायला बंदूक घेऊन उभा असलेला कूळ-शेतकरी विचारतो, तुला मारू की बँकेच्या अध्यक्षाला? पोरगा म्हणतो, अध्यक्षालाही वरून हुकूम येतात. मग गोळी घालायची कोणाला? उत्तर मिळत नाही.

कॅलिफोर्नियात फळतोडणीला माणसं हवीत, अशी छापील पत्रकं वाटली जात होती. ती वाचून जोड सगळं विकून निघतात. वाटेत एका तळावर फाटक्या कपड्यांचा माणूस भेटतो. तो तिकडून परत चाललाय आणि पत्रकांचं गणित सांगतो. मालकाला माणसं हवीत आठशे. तो पत्रकं छापतो पाच हजार. ती वीस हजार लोक वाचतात, त्यातले दोन-तीन हजार निघतात. आठशे जागांना तीन हजार भुकेली माणसं आली की मजुरी आपोआप पडते. ऊसतोडीच्या मुकादमाशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना याहून जास्त समजावायला नको. पुढे जोड पीच तोडतात तेव्हा पेटीला ५ सेंट मिळतात, तेही बाहेर संप चालू असतो म्हणून. संप मोडला की अडीच.

तळावर भेटलेल्या त्या फाटक्या कपड्यांच्या माणसाची पोरं उपासमारीने मेली. सरकारी कागदावर कारण लिहिलं होतं : हृदय बंद पडल्याने.

‘पण कष्ट करणारे वर गेलेच ना?’

हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. माझ्या मावसभावाने न्यू जर्सीत तीस वर्षांत जे उभं केलं, ते इथे झालं नसतं असं तो म्हणतो, आणि मला त्याच्याशी वाद घालता आलेला नाही.

आकडे काय सांगतात? दिल्लीत जन्मलेले आणि नवव्या वर्षी अमेरिकेत गेलेले राज चेट्टी हे हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘वर जाणं’ मोजलं. १९४० साली जन्मलेल्या अमेरिकनांपैकी सुमारे ९० टक्के लोक तिशीत आईबापांपेक्षा जास्त कमवत होते. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आलं. देशाची संपत्ती वाढत होती, पण वाढीचा मोठा हिस्सा वरच्या काही जणांकडे गेला, हे घसरणीचं मुख्य कारण त्यांना दिसलं. म्हणजे स्वप्न थाप नव्हतं. एका पिढीसाठी ते बरंचसं खरं होतं, आणि पुढच्यांसाठी नाणेफेकीवर आलं.

हे लेखकही मान्य करतात. आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९) या नाटकात शेजारचा बर्नार्ड अभ्यासू पोरगा असतो. तो वकील होऊन सर्वोच्च न्यायालयात खटला लढवायला निघतो आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. त्याच्या बापाचाही धंदा नीट चाललेला आहे. वर गेलेली माणसं या गोष्टींत आहेत. प्रश्न जे राहिले त्यांचा आहे.

विली लोमनचा शेवटचा हप्ता

राहिलेला माणूस म्हणजे विली लोमन. वय ६३, फिरता विक्रेता, एकाच कंपनीत ३४ वर्षं. माणूस लोकांना आवडला की त्याचं भलं होतं, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. आता गाडी चालवणं झेपत नाही, तेव्हा तो धाकट्या मालकाकडे न्यूयॉर्कमध्येच बसून काम मागतो. आधी आठवड्याला ६५ डॉलर, मग ५०, मग ४०. स्वतःचा भाव स्वतःच उतरवत जातो. या मालकाचं बारशाचं नाव ठरवताना त्याच्या बापाने विलीचं मत घेतलं होतं. मालक त्याला काढून टाकतो. संत्रं खाऊन साल फेकून द्यावी तसं माणसाला फेकता येत नाही, असं विली त्याला ऐकवतो. पण फेकता येतं. फेकलं जातं.

घराचं कर्ज २५ वर्षांचं. फ्रिजचे हप्ते, गाडीचे हप्ते. वस्तू पूर्ण आपली होईपर्यंत ती मोडीत निघालेली असते, ही विलीची तक्रार आज कुठल्याही सोसायटीत चालून जाईल.

आता या लेखातला माझा मुख्य मुद्दा. स्वप्नातली सगळ्यात बारीक अक्षरातली अट विलीच्या बाबतीत दिसते. ‘कष्ट केले तर कोणीही वर जातो’, या वाक्याच्या पाठीमागे दुसरं वाक्य छापलेलं असतं : ‘वर गेला नाहीस, तर दोष तुझा.’ जुन्या व्यवस्थेत गरीब माणूस नशिबाला, देवाला, जमीनदाराला बोल लावू शकत होता. विलीकडे बोल लावायला कोणी उरलेलं नाही. शेजारी त्याला आठवड्याला ५० डॉलरची नोकरी देऊ करतो, तीही तो घेत नाही, कारण घेणं म्हणजे हरलो हे कबूल करणं. त्याच शेजाऱ्याकडून उसने पैसे मात्र घेत राहतो. ‘तू आणि मी पैशाला पासरी मिळणारी माणसं आहोत’ अशा अर्थाचं काहीतरी थोरला मुलगा त्याला तोंडावर सांगतो, ते प्रेमाने सांगितलेलं असतं, आणि विलीला तेच ऐकवत नाही. आपण जिवंतपणापेक्षा मेल्यावर जास्त किमतीचे, असा हिशोब त्याने केलाय : विम्याचे २० हजार डॉलर. तो गाडी घेऊन बाहेर पडतो.

थडग्याजवळ बायको सांगते की घराचा शेवटचा हप्ता मी आजच भरला. आणि आता घरात राहायला कोणी नाही.

‘हे सगळे डावे, रडके लेखक’

असाही सूर निघतो, आणि तेव्हाही निघाला होता. स्टाइनबेकचं पुस्तक आलं त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीने ते वाचनालयांतून आणि शाळांतून काढून टाकलं. मिलरला १९५६ मध्ये संसदेच्या चौकशी समितीपुढे उभं केलं, इतरांची नावं सांगायला नकार दिला म्हणून त्याला दोषी ठरवलं, आणि १९५८ मध्ये तो निकाल फिरवला गेला. राजकीय कल होता, नाही असं नाही. पण फिट्झजेरल्डला डावा म्हणणं अवघड आहे. त्या पार्ट्यांच्या मोहात तो स्वतः गळ्यापर्यंत होता, म्हणून तर त्याला त्या इतक्या लख्ख लिहिता आल्या. आणि यातल्या एकाही लेखकाने स्वप्न मुळातच वाईट आहे, असं म्हटलेलं नाही. वचन दिलंत ते पाळा, एवढाच त्यांचा तगादा आहे. ज्याला वचनाची किंमत नाही, तो तगादा लावत बसत नाही.

यात आपलं काय?

१९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे भगतसिंग थिंड यांचा खटला होता. पंजाबातून गेलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले. न्यायालयाने निकाल दिला की सर्वसाधारण समजुतीप्रमाणे ते ‘गोरे’ नाहीत, त्यामुळे नागरिक होऊ शकत नाहीत. या निकालाच्या आधारे ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घेण्यात आलं. त्यात वैष्णोदास बगाई होते. १९१५ मध्ये बायको आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आलेले, तिथे दुकान चालवणारे. बर्कलीत घर घेतलं तर शेजाऱ्यांनी आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. नागरिकत्व गेल्यावर मालमत्ता बाळगण्याचा हक्कही गेला. १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मागे वर्तमानपत्रासाठी पत्र ठेवलं होतं, त्यात सोन्याच्या पिंजऱ्यात जगण्यात अर्थ काय, असा प्रश्न होता. ‘गॅट्सबी’ येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

दाराबाहेर काय आहे

बगाईंच्या घरासारखंच एक घर लोरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) मध्ये आहे. कृष्णवर्णीय लेखिकेचं ब्रॉडवेवर आलेलं हे पहिलं नाटक. इथेही विमा आहे : शिकागोतल्या यंगर कुटुंबाचा कर्ता पुरुष मरतो आणि घरात १० हजार डॉलर येतात. विधवा लीना त्यातले ३,५०० इसार म्हणून देऊन गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. उरलेले मुलगा धंद्याच्या नादात भामट्याच्या हवाली करतो. मग नव्या वस्तीतला एक सभ्य गृहस्थ येतो, अगदी नम्रपणे. तुम्ही येऊ नका, घर आम्ही जास्त पैसे देऊन परत घेतो. पैसे बुडालेल्या मुलाला मोह होतो. तो त्या माणसाला बोलावून घेतो, आणि तोंड उघडल्यावर नकार देतो.

हॅन्सबेरी हे कल्पनेने लिहीत नव्हती. ती लहान असताना तिच्या वडिलांनी असंच शिकागोच्या गोऱ्या वस्तीत घर घेतलं होतं. जमाव आला, दगडविटा आल्या, एक तिला थोडक्यात लागायची राहिली. आई रात्र रात्र पिस्तूल घेऊन घरात पहारा करायची. वडील वस्तीबंदीच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांना घर न देण्याच्या, कराराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९४० मध्ये जिंकले.

नाटकात यातलं काही दिसत नाही. सामान खाली गेलंय. लीना रिकाम्या खोलीत एकदा नजर फिरवते, बाहेर पडते, आणि पुन्हा आत येते. खिडकीतल्या अपुऱ्या उजेडात तिने कशीबशी जगवलेली रोपट्याची कुंडी राहून गेलेली असते. ती उचलते आणि दार ओढून घेते.